उलट्या दिशेने सरकणाऱ्या पट्ट्यावरून विमान उडेल का?

शंकासुर

प्रश्न जुनाच आहे, पण दर वेळी हमरीतुमरीवर येऊन संपतो, म्हणून नीट मांडतो. धावपट्टीच्या जागी तेवढाच लांबरुंद सरकता पट्टा आहे असं धरा, म्हणजे एक अवाढव्य ट्रेडमिल. विमान ज्या वेगाने पुढे जाईल त्याच वेगाने पट्टा मागे सरकतो. वारा शून्य. विमान उडेल का?

माझं उत्तर: नाही. ट्रेडमिलवर पळणारा माणूस कितीही जोरात पळाला तरी जागच्या जागीच राहतो. विमान जागेवर राहिलं तर पंखांवरून हवा वाहणार नाही, हवा नाही तर उचल नाही. यात कुठे चुकतंय ते आकड्यांनिशी दाखवा. 'शाळेचं पुस्तक उघडा' छापाची उत्तरं नकोत.

ढगफुटी

चूक माणसाच्या उदाहरणातच आहे. माणूस पायाने पट्ट्याला मागे रेटतो आणि त्या रेट्यावर पुढे जातो. मोटारीचंही तेच, इंजिनाची ताकद चाकांतून रस्त्याला मिळते. विमानाची चाकं मात्र कशालाच जोडलेली नसतात. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये ना गिअर, ना शाफ्ट, ना साखळी. प्रोपेलर किंवा जेट हवेला मागे ढकलतं आणि विमान पुढे जातं. चाकांचं काम एवढंच, की पोट जमिनीला घासू नये.

त्यामुळे ट्रेडमिलवर पळणारा माणूस नको, स्केट्स घालून उभा राहिलेला माणूस घ्या. समोरच्या भिंतीला दोर बांधलाय आणि तो हाताने दोर ओढतोय. पट्टा ताशी ५ किमीने मागे जावो की १५ ने, तो दोर ओढत भिंतीपाशी पोचणारच. चाकं जास्त वेगाने फिरतील, इतकंच. विमानासाठी हा 'दोर' म्हणजे हवा.

दीडशहाणा

उडेल. प्रोपेलरचा वारा पंखांवर येतोच की. मग विमान जागेवर राहिलं तरी उचल मिळेल. विषय संपला.

ढगफुटी

दीडशहाणा, उत्तर बरोबर पण कारण साफ चूक, आणि असं कारण जास्त घातक. सेसना १७२एस हे एका प्रोपेलरचं छोटं विमान घ्या. प्रोपेलरचा व्यास ७६ इंच, म्हणजे १.९३ मीटर. पंखांची रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत ११ मीटर. म्हणजे झोताचा व्यास पंखाच्या जेमतेम १७-१८ टक्के. त्यात हा झोत मागे जाताना आकसतो, उभ्या विमानात व्यास साधारण ७० टक्क्यांवर येतो. उरलेल्या १.४ मीटरमधला मोठा भाग केबिनवरच आपटतो आणि पंख तर केबिनच्या डोक्यावर असतात. झोताचा वेग चांगला असतो, पूर्ण ताकदीला सेकंदाला ३५ मीटरच्या घरात, पण तो पडतो कुठे ते बघा. जेट विमानात तर पंखांवर असा झोत नसतोच म्हटलं तरी चालेल.

विमान उडतं ते पुढे सरकल्यामुळे. जागेवर राहून कोणी उडत नाही.

शंकासुर

स्केट्सचा मुद्दा पटतोय, पण चाकं काही हवेत तरंगत नाहीत. बेअरिंगचं घर्षण आहे, टायर दबतो. पट्टा या वाटेने विमानाला मागे ओढणारच ना?

गणिती किडा

ओढणार. किती ते काढू.

सेसना १७२एसचं कमाल वजन २५५० पौंड, म्हणजे ११५७ किलो, बळाच्या भाषेत सुमारे ११,३५० न्यूटन. कडक, कोरड्या पृष्ठभागावर रोलिंग रेझिस्टन्सचा, म्हणजे फिरत्या चाकाला होणाऱ्या अवरोधाचा, गुणांक ०.०२ धरा. म्हणजे चाकांमुळे मागे ओढणारं बळ साधारण २२७ न्यूटन. उभ्या विमानात पूर्ण थ्रॉटलला प्रोपेलरचा रेटा २२०० न्यूटन धरू. म्हणजे अवरोध रेट्याच्या दहा टक्के. हा अवरोध साध्या धावपट्टीवरही असतो, पट्ट्यामुळे नव्याने आलेला नाही.

कळीची गोष्ट ही, की रोलिंग रेझिस्टन्स मुख्यतः वजनावर अवलंबून असतो, वेगावर फार कमी. चाक दुप्पट वेगाने फिरलं म्हणून अवरोध दुप्पट होत नाही. तरी वादासाठी दुप्पट करा. ५५ नॉटला, म्हणजे सेकंदाला २८.३ मीटरला, विमान सुटतं आणि साधी धाव ३०० मीटरची आहे असं धरलं, तर सरासरी त्वरण १.३४ मीटर प्रतिसेकंद वर्ग येतं. अवरोधात आणखी २२७ न्यूटन घातले की त्वरण ०.२ ने घटतं, उरतं १.१४. धाव होते सुमारे ३५० मीटर. म्हणजे पट्ट्याच्या बाजूने एवढं झुकतं माप देऊनही त्याची कमाई ५० मीटर.

यातून आणखी एक निघतं. पट्टा ३५० मीटर लांब हवाच. 'ट्रेडमिल वापरून धावपट्टी वाचवू' ही कल्पना इथेच बाद, विमानाला जमिनीच्या हिशेबात तेवढं अंतर कापावंच लागतं.

पट्टेवाला

थांबा. निम्मी भांडणं प्रश्नाच्या शब्दांमुळे होतात. हा प्रश्न दोन रूपांत फिरतो.

एक, शंकासुर यांनी लिहिलाय तो: पट्ट्याचा वेग = विमानाचा जमिनीच्या हिशेबातला वेग. यात विमान सेकंदाला २८ मीटरने पुढे, पट्टा २८ ने मागे, चाकाचा घेर ५६ ने फिरतो. कुठेही विसंगती नाही. विमान उडतं.

दोन: पट्ट्याचा वेग = चाकाच्या घेराचा वेग. इथे गोची आहे. चाक घसरत नसेल तर घेराचा वेग म्हणजे विमानाचा वेग अधिक पट्ट्याचा वेग. आता हा पट्ट्याच्या वेगाइतकाच असला पाहिजे म्हणालात की विमानाचा वेग शून्यच निघतो. म्हणजे 'विमान हलत नाही' हे तुम्ही प्रश्नातच लिहून टाकलंत आणि वर विचारताय की ते हलेल का! कंट्रोलरच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर चाकावर लावला तर विमानाने इंचभर पुढे सरकताक्षणी पट्टा वेग वाढवतो, त्याने चाकाचा वेग वाढतो, म्हणून पट्टा आणखी वाढवतो. मोटर कमाल वेगाला जाऊन अडकेपर्यंत हे चालूच. तिथून पुढे विमान आरामात निघून जातं.

शंकासुर

पण मोटरला कमाल मर्यादाच नाही असं धरलं तर? आदर्श पट्टा?

गणिती किडा

तर मग पट्टा खरोखर विमान धरून ठेवू शकतो, पण रोलिंग रेझिस्टन्सने नव्हे. चाकाला सतत *त्वरण* द्यायचं आणि चाकाच्या जडत्वाचा फायदा उठवायचा. ही गोष्ट बहुतेक लोक चर्चेत आणतच नाहीत, आणि मला तर अख्ख्या प्रश्नातला हाच सगळ्यात मजेदार भाग वाटतो.

तीन चाकांचं टायरसकट वजन मिळून २१ किलो धरू. त्यातलं बरंचसं वस्तुमान रिम आणि टायरमध्ये, म्हणून परिणामी जडत्व साधारण १० किलोइतकं. (भरीव तबकडी असती तर बरोबर निम्मं, साडेदहा. अंदाज ठीक आहे.) २२०० न्यूटनचा रेटा फक्त जडत्वाने अडवायचा तर पट्ट्याला २२०० भागिले १०, म्हणजे २२० मीटर प्रतिसेकंद वर्ग एवढं त्वरण हवं. गुरुत्वाच्या २२ पट. आणि क्षणभर नाही, सतत.

पाव सेकंदात पट्टा ताशी १९८ किमीला. दीड सेकंदाच्या जरा पुढे ध्वनीचा वेग पार. टायर घसरून पट्टा सुटेल म्हणाल तर तेही नाही. डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरला तर पकड ७९०० न्यूटनपर्यंत टिकते, आपल्याला २२०० च हवेत.

तेलपाणी

दीड सेकंदाची वाट बघावी लागणारच नाही. पाव सेकंदातच टायर मर्यादेला टेकलेला असेल.

विमानाच्या टायरवर वेगाची मर्यादा छापलेली असते. १७२ वर पुढे ५.००-५ आणि मागे ६.००-६ मापाचे टायर. या मापात ताशी १२० मैलांची मर्यादा सर्रास दिसते, १६० ची प्रतही मिळते. आता पट्टेवाला यांचं पहिलं रूप घ्या, जे 'सरळ' वाटतं. ५५ नॉटची दुप्पट ११० नॉट, म्हणजे ताशी १२६-१२७ मैल. म्हणजे छोट्या विमानातसुद्धा १२० वाला टायर उड्डाणाच्या क्षणी मर्यादेच्या थोडा पलीकडे गेलेला असतो. फुटेलच असं नाही, पण कोणीही शहाणा मेकॅनिक त्यावर सही करणार नाही.

मोठ्या जेटचं गणित याहून वाईट. तिथे २२५ मैलांची मर्यादा सर्रास दिसते, म्हणजे १९५ नॉट. भरलेलं जम्बो १६०-१८० नॉटला सुटतं. दुप्पट केलं की ३२० ते ३६०. तिथे टायर टिकण्याचा प्रश्नच नाही.

तो फुटतो कसा, तेही बघा:

वेग दुप्पट झाला की ट्रेडला, म्हणजे टायरच्या बाहेरच्या रबरी थराला, बाहेर फेकणारं बळ चौपट होतं. ट्रेडचा थर खालच्या कापडी थरांपासून सुटायला लागतो.

दुसरं, टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि सुटल्यावर मूळ आकारात येतो. वेग फार वाढला की परत आकारात यायला वेळच पुरत नाही आणि टेकलेल्या भागाच्या मागे रबरात उभ्या लाटा दिसतात. एकदा ही लाट उठली की उष्णता झपाट्याने वाढते. हवा कमी असेल तर लाट आणखी लवकर उठते. म्हणून असला प्रयोग करायचाच तर हवेचा दाब आधी बघा, बाकी सगळं नंतर.

मोठ्या जेटच्या रिममध्ये फ्यूज प्लग असतात. रिम ठरावीक तापमानाला पोचली की ते वितळतात आणि नायट्रोजन हळूहळू सोडतात, म्हणजे टायर फुटत नाही, बसतो. ते मुख्यतः तापलेल्या ब्रेकसाठी आहेत. ट्रेडच फाटायला लागला तर त्यांचा काही उपयोग नाही.

गणिती किडा

उष्णतेवर एक पुरवणी. २२७ न्यूटन गुणिले सेकंदाला ५६.६ मीटर, म्हणजे उड्डाणाच्या क्षणी टायरांत सुमारे १२.८ किलोवॅट जिरतात. साध्या धावपट्टीवर याच्या निम्मे. वरचे निम्मे येतात पट्ट्याच्या मोटरकडून. म्हणजे पट्ट्याची मोटर एवढी मेहनत करते ती विमान अडवायला नाही, टायर तापवायला.

दीडशहाणा

मग विमानवाहू जहाज? तेही हलतं आणि त्याने उड्डाणाला फरक पडतो. तुमच्या हिशेबाने पडायला नको.

ढगफुटी

पडतो, कारण जहाज वाऱ्याच्या तोंडावर *पुढे* जातं आणि डेकवर उभं असलेलं विमान ब्रेक लावून त्याच्यासोबत जातं. सुटण्याआधीच विमानाला हवेच्या हिशेबात २०-३० नॉट मिळालेले असतात. तुमचा पट्टाही पुढच्या दिशेने चालवा, विमानाचे ब्रेक दाबून ठेवा आणि वेग आला की सोडा, पट्टा मस्त लाँचर होईल. ब्रेक लावलेत की पट्टा विमानाला पकडू शकतो. ब्रेक सोडलेत की त्याच्या हातात फक्त ते २२७ न्यूटन उरतात.

पाण्यावरून उडणाऱ्या विमानाला मात्र हा नियम लावू नका. तिथे चाकं नाहीत, फ्लोट (तरंगणारे पाय) आहेत, आणि पाण्याचा अवरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. नदीच्या प्रवाहाविरुद्ध पळालात तर तेवढ्याच एअरस्पीडला (हवेच्या हिशेबातल्या वेगाला) फ्लोटना जास्त वेगाचं पाणी कापावं लागतं. वारा पडलेला असेल तर प्रवाहाच्या दिशेने पळणं सोपं जातं. म्हणजे 'खालचा पृष्ठभाग हलला तरी फरक पडत नाही' हे चाकांपुरतंच खरं.

शंकासुर

हे कोणी करून बघितलंय का?

पट्टेवाला

'मिथबस्टर्स' या टीव्ही कार्यक्रमाच्या मंडळींनी केलं होतं, २००८ मध्ये ते प्रसारित झालं. लांबलचक ताडपत्रीवर हलकं अल्ट्रालाइट विमान उभं केलं आणि ट्रकने ताडपत्री उलट्या दिशेने ओढली. विमान उडालं. खुद्द वैमानिकाला वाटत होतं की ते जागेवरच राहील.

घरच्या ट्रेडमिलवर यातलं तत्त्व अर्ध्या तासात तपासता येतं. लागणारं सामान: चांगल्या बेअरिंगचा स्केटबोर्ड, १० किलो वजन (बोर्ड धरून), १ किलोचा ताणकाटा, एक कप्पी, दोरी, ५०० ग्रॅमचं वजन.

आधी ट्रेडमिलचा चढ शून्य करा आणि पट्ट्यावर लेव्हल ठेवून खात्री करा. एक टक्का चढ म्हणजे १० किलोला १०० ग्रॅमचा फरक, मापलेलं सगळं पाण्यात. बोर्ड पट्ट्यावर ठेवून ताणकाट्याने समोरच्या दांड्याला बांधा. दोरी पट्ट्याला समांतर आणि बोर्डाच्या मध्यावर. पट्टा ताशी ३ किमीला सुरू करा, काटा वाचा, मग ६, ९, १२. काटा १०० ते ३०० ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी येईल, चाकांवर अवलंबून. वेग चौपट झाला तरी तो चौपट होत नाही, थोडासा हलतो.

मग ताणकाटा काढा. दोरी कप्पीवरून नेऊन पुढे ५०० ग्रॅम लोंबतं ठेवा. बोर्ड मागे हाताने धरून ठेवा, पट्टा सुरू करा, सोडा. अवरोध २०० ग्रॅम असेल तर त्वरण येतं ०.२८ च्या आसपास आणि १.२ मीटरला जवळपास तीन सेकंद लागतात. हे बंद पट्ट्यावर आणि ताशी १० वर, दोन्हीकडे मोजा.

हमखास बिघडणारी गोष्ट: बोर्ड कडेला पळतो. पट्टा जितका वेगात तितका लवकर. ट्रक, म्हणजे चाकांचे आस, जराही तिरके असतील तर तीन सेकंद सरळ राहणं कठीण. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या लावू नका, त्यांच्या घर्षणाने माप बिघडेल. आस नीट करा. आणि बोर्डावर माणूस उभा करू नका.

ढगफुटी

हा कडेला पळण्याचा मुद्दा विमानालाही तंतोतंत लागू होतो, आणि माझ्या मते खरा धोका हाच. टायर नंतर.

विमान पट्ट्याच्या दिशेपासून २ अंश वळलं असं धरा. चाकं ज्या दिशेला तोंड आहे त्या दिशेने फिरतात, आणि पट्ट्याच्या हिशेबात त्यांचा वेग ५६.६ आहे. मग आडवा वेग ५६.६ गुणिले २ अंशांचा साइन, म्हणजे सेकंदाला जवळपास २ मीटर. साध्या धावपट्टीवर हाच वेग १ मीटर असता. म्हणजे दिशेची तीच चूक दुप्पट महाग. त्यात पुढचं चाक पेडलने वळतं आणि तेही दुप्पट वेगाने फिरतंय, म्हणजे स्टिअरिंग हाताबाहेर तिखट. सुरुवातीला शेपटीवरच्या रडरला (दिशा वळवणाऱ्या पट्टीला) पुरेशी हवा नसते, सगळं स्टिअरिंग चाकावर. १५ मीटर रुंदीच्या पट्ट्यावर मधोमध असाल तर कडेला पोचायला चार सेकंदही नाहीत. आणि पट्ट्याची कड म्हणजे गवत नव्हे. एक चाक स्थिर जमिनीवर, दुसरं मागे धावणाऱ्या पट्ट्यावर.

शंकासुर

मान्य, पहिल्या रूपात विमान उडतं. माझं उदाहरणच चुकीचं होतं. दोन शंका राहिल्या. एवढा लांब पट्टा वेगाने मागे सरकला तर हवाही सोबत ओढेल ना? आणि मध्येच उड्डाण रद्द करायचं ठरलं तर?

पट्टेवाला

हवेचं बरोबर, पण ते तुमच्या विरोधात जातं. पट्टा मागे सरकतो, हवाही मागे ओढतो, म्हणजे विमानाला समोरून वारा. मदतच! पण हा थर पट्ट्याला चिकटलेला आणि पातळ असतो, १७२ चे पंख त्याच्या वर राहतात. रेसच्या गाड्यांच्या विंड टनेलमध्ये गाडीखाली सरकता पट्टा याच थरासाठी असतो, फक्त उलट कारणाने: पट्टा वाऱ्याच्याच वेगाने चालवला की जमिनीलगत मंदावलेल्या हवेचा थर साचत नाही.

तेलपाणी

पट्टा विमानासोबत मंदावला नाही, त्याच वेगाने चालत राहिला असं धरून सांगतो. रद्द करायचं तर ब्रेकवर उभे राहू नका. चाकं पट्ट्याच्या हिशेबात दुप्पट वेगाने फिरताहेत, म्हणजे पूर्ण थांबेपर्यंत ब्रेकना चौपट ऊर्जा गिळावी लागेल. ते जमलं तरी 'थांबणं' म्हणजे पट्ट्यासोबत ताशी १०० ने उलटं जाणं. नोजव्हील पुढे असलेलं विमान त्या वेगाने मागे जाताना सरळ राहत नाही. आधी थ्रॉटल आयडलला, म्हणजे इंजिन कमीत कमी वेगाला. मग हलका ब्रेक, जमिनीच्या हिशेबात वेग शून्य होईपर्यंतच. नजर पट्ट्याबाहेरच्या खुणेवर ठेवा, पट्ट्यावर नको. शून्य झाला की ब्रेक सोडा आणि पट्टा बंद करायला सांगा.

शंकासुर

आणि तोवर? पट्टा १०० ने मागे चाललाय, ब्रेक सोडलेत. विमान मागे नाही जाणार?

गणिती किडा

जागेवर राहायला फक्त २२७ न्यूटन लागतात. प्रोपेलरचा रेटा साधारण आरपीएमच्या वर्गाप्रमाणे बदलतो. पूर्ण थ्रॉटलला उभ्या विमानात २३०० आरपीएमला २२०० न्यूटन, तर ८०० आरपीएमला सुमारे २६६. म्हणजे पट्टा ताशी १०० ने मागे धावतोय, चाकं गरगर फिरताहेत, आणि विमान जागेवर उभं आहे ते इंजिन जवळपास आयडलला असताना. मूळ प्रश्नात तुम्ही थ्रॉटल पूर्ण उघडला होतात. वरचे १९०० न्यूटन कुठे जाणार होते?

शंकासुर

पुढे.